आशाताईंच्या वहीतला आकडा कुठे चुकतो आणि कसा सुधारतो?

आरोग्याच्या आढावा बैठकीची बातमी वाचताना कधी तरी तुमची नजर अडली असेल. एखाद्या भागातलं बालकांचं लसीकरण शंभर टक्क्यांच्याही वर गेलेलं असतं. शंभर मुलं असतील तर एकशे चार मुलांना लस दिली कशी? वाचणारा म्हणतो, "सगळे आकडे कागदावरचे," आणि पान उलटतो.

मला वाटतं, तिथेच थांबून विचारायला हवं. ती चार जास्तीची मुलं खरी असतात. त्यांना सुई टोचलेली असते, ती रडलेली असतात, त्यांच्या आयांनी त्यांना कडेवर घेऊन उगी केलेलं असतं. चुकलेलं काही तरी दुसरंच असतं. मी काही वर्षं आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, प्रशिक्षणाचं काम केलं, त्यांच्यासोबत घरभेटींना गेले, त्यांच्या वह्या चाळल्या. त्यातून जे समजलं ते साध्या शब्दांत सांगते.

आकडा निघतो कुठून?

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यातून 'आशा' हे पद आलं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक बाई, त्याच गावची, शक्यतो गावची सून. लेक लग्न होऊन जाते, सून गावात राहते, हा त्यामागचा विचार. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. देशभरात अशा दहा लाखांच्या आसपास बायका आहेत आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला.

गरोदर बाईची नोंद, बाळंतपण, नवजात बाळाच्या घरभेटी, लसीकरणाची यादी, तापाचे रुग्ण, तिशीपुढच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरचा फॉर्म, हे सगळं तिच्या वहीत येतं. महिनाअखेरीला ती वही गटप्रवर्तक ताईंकडे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईंकडे जाते. तिथून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा परिषद, मग पुणे-मुंबई आणि दिल्ली. औषधं किती पाठवायची, कुठल्या गावाला जादा लक्ष द्यायचं, हे वर बसलेले लोक या आकड्यांवरून ठरवतात. एवढ्या सगळ्या नोंदींना मिळून आता सगळेच 'डेटा' म्हणतात. मीही तोच शब्द वापरते.

चांगला डेटा म्हणजे काय?

कोल्हापूरकरांना हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही. जुलै उजाडला की घराघरांत एकच प्रश्न असतो: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती फुटांवर? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. शाळकरी पोरगंही हे सांगेल.

आता समजा, पट्टी वाचणाऱ्यानं पाण्याकडे न बघता अंदाजानं ४१ लिहिलं. किंवा बरोबर वाचलं, पण सकाळचा आकडा संध्याकाळी कळवला. किंवा मधले सहा तास वाचलंच नाही. किंवा दोघांनी दोन वेगवेगळ्या पट्ट्या वापरल्या. चारही वेळा शिवाजी पुलापलीकडचा माणूस फसणार. नोंद खरी हवी, वेळेवर हवी, पूर्ण हवी आणि सगळीकडे एकाच मापानं हवी. डेटाची गुणवत्ता म्हणतात ती एवढीच.

फरक एक आहे. पंचगंगेचा आकडा चुकला तर तासाभरात गावभर बोंब होते. बाळाच्या वजनाचा आकडा चुकला तर कोणालाच कळत नाही.

अडीच किलोची बाळं

भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीत आम्ही तिसऱ्या दिवसाच्या घरभेटीला गेलो होतो. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा वेळा घरी जातात. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, डोक्याला टोपडं, आत झबलं. बाहेर पाऊस. आजी दारातच उभी. ताईंनी झोळीच्या काट्यात बाळ ठेवलं. काटा थरथरत अडीचच्या रेघेजवळ थांबला. ताईंनी लिहिलं, २.५.

"ताई, दुपटं काढून बघायचं का?" मी विचारलं.

"आत्ती नको म्हणत्यात ओ. वारं लागंल म्हणत्यात."

आजीची भीती खोटी नव्हती. मग दार लावून घेतलं, आजीच्याच हातानं दुपटं सोडलं. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आहे का तेही पाहिलं. नव्हता, थोडा पुढे होता. तो सरळ केला आणि पुन्हा वजन केलं. सव्वादोन किलो.

पाव किलोनं काय बिघडतं? अडीच किलोच्या आतलं बाळ 'कमी वजनाचं' धरतात. त्याला उबेत ठेवायचं, आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायचं, पाजण्याकडे जास्त लक्ष द्यायचं, जंतुसंसर्गाच्या खुणा बघत राहायचं. वहीत अडीच पडलं की ते बाळ त्या यादीतून निसटतं. दुपट्याचं वजन बाळाच्या नावावर जमा होतं आणि बाळ उघडं पडतं.

अशा वह्या एकत्र केल्या की एक गंमतशीर वाटणारी, पण काळजी करायला लावणारी गोष्ट दिसते. वजनं अडीचवर आणि तीनवर ढिगानं पडलेली असतात. २.३, २.४, २.६ मात्र विरळ. निसर्ग बाळं अशी गोल वजनाची घडवत नाही. बीपी नेहमी १२०-८० आणि वयं नेहमी ४०, ४५, ५० असतील तरी हेच समजायचं. शेवटचा अंक शून्यापासून नऊपर्यंत साधारण सारखा विखुरलेला असावा. शून्य आणि पाचचीच गर्दी झाली तर कुठे तरी मोजणं थांबलं आणि अंदाज सुरू झाला. ही तपासणी कोणीही कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत करू शकतं. मला वाटतं, ती प्रत्येक आरोग्य केंद्रात दर महिन्याला व्हायला हवी.

शंभर टक्क्यांच्या वर जातं कसं?

टक्केवारी म्हणजे वरचा आकडा भागिले खालचा आकडा. वर, लस दिलेली मुलं. खाली, गावात असायला हवीत तेवढी मुलं. खालचा आकडा बहुतेक वेळा अंदाजाचा असतो. २०११ च्या जनगणनेवरून पुढे वाढवत नेलेला.

समजा, एका गावात अंदाजानं २० बाळं धरली. प्रत्यक्षात गावची १९ बाळं निघाली, आणि कारखान्याच्या तळावर बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांची चार. आशाताई आणि सिस्टर पालावर गेल्या, तिथल्याही बाळांना लस दिली. २३ भागिले २०, झाले ११५ टक्के. सगळ्यांनी चांगलंच काम केलं, तरी आकडा हास्यास्पद दिसतो.

उलटही होतं. गळीत हंगाम संपला की ती बाळं गावाकडे जातात. दीड महिन्याचा डोस हातकणंगले तालुक्यात, अडीच महिन्यांचा वाटेत हुकला, साडेतीन महिन्यांचा गावी. कार्ड हरवलं तर तिकडच्या ताईंना काहीच कळत नाही. बाळ दोन्हीकडच्या यादीत असतं, किंवा कुठल्याच नसतं. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत परराज्यांतून आलेल्या कुटुंबांचंही असंच.

आणि आपली स्वतःची रीत घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी. सून कागलची, तिचं नाव कागलच्या आशाताईंच्या वहीत. सातव्या महिन्यात ती माहेरी गेली, गडहिंग्लजला, नाही तर थेट निपाणीला, म्हणजे दुसऱ्या राज्यात. तिथे नव्यानं नोंद झाली. कागलच्या वहीत ती 'गरोदर' म्हणूनच राहिली, बाळंत झालीच नाही. गडहिंग्लजच्या वहीत ती अचानक उगवली. एक बाई दोनदा मोजली गेली. प्रत्येक गरोदर बाईला एक कायमचा नंबर मिळतो तो यासाठीच. पण गरोदरपणाच्या आणि बाळाच्या लसींच्या नोंदी असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड माहेरी जाताना सोबत नेलं तरच त्या नंबरचा उपयोग.

प्रश्नच चुकला तर उत्तर बरोबर कसं येणार?

तिशीपुढच्या लोकांच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न तंबाखूबद्दल आहे. चंदगडच्या एका घरात साठीतल्या मावशींना ताईंनी विचारलं, "तंबाखू खाता का?" मावशी म्हणाल्या, "छे गं बाई, कधी न्हाई." खरंच होतं ते. त्यांनी आयुष्यात तंबाखू मळून तोंडात टाकली नव्हती. पण चुलीशेजारच्या कोनाड्यात मिश्रीची डबी होती आणि सकाळ-संध्याकाळ बोट फिरत होतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मावशींच्या लेखी मात्र ती दात घासायची वस्तू. प्रश्न "मिश्री लावता का?" असा विचारला असता तर उत्तर लगेच आलं असतं. फॉर्म तयार करणाऱ्यानं एकदा आपल्या आजीकडे बघितलं असतं तरी पुरे होतं.

तारखांचंही तसंच. शेवटची पाळी कधी आली, हे बाईला तारखेनं क्वचितच आठवतं. ती सांगते, "दसऱ्याच्या आसपास" किंवा "दिवाळीत". अनुभवी आशाताई मग कालनिर्णय काढतात. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. तेव्हाची पाळी असेल तर तारीख येते १९ जुलै. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. तेव्हाची असेल तर ८ ऑगस्ट.

वीस दिवसांचा फरक. कोल्हापुरात या वीस दिवसांची किंमत फार आहे. २०२१ चा महापूर जुलैच्या अखेरीस आला, २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दोन्ही वेळा पंचगंगेनं ५५ फुटांची रेघ ओलांडली. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा सगळ्यांचं पाणी एकत्र येतं आणि गावांची बेटं होतात. पाणी चढायच्या आधी कुठल्या बायकांना हलवायचं, ही यादी आशाताईंच्या वहीतून निघते. तिथे तारीख चुकली तर नाव यादीत येत नाही, आणि कळा सुरू झाल्यावर होडी शोधावी लागते.

मग आशाताई खोटं लिहितात का?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कधी कधी लिहितात. हे लपवण्यात अर्थ नाही. पण का लिहितात ते बघा.

एका केंद्रात मी महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत बसले होते. तेच नाव, तोच पत्ता, तीच तारीख तीन रजिस्टरांत, एका फॉर्मवर आणि दोन अ‍ॅपवर भरायचं होतं. रात्री साडेदहापर्यंत बायका माना खाली घालून लिहीत होत्या. घरी लेकरं, दुसऱ्या दिवशी भांगलणीचं काम. तिसऱ्या रजिस्टरला हात आपोआप अंदाजानं चालतो. त्यात मोबदला फॉर्म भरण्यावर असतो, बरोबर भरण्यावर नसतो. आणि बैठकीत कमी आकडा सांगणाऱ्या बाईला सगळ्यांसमोर उभं करून झापलं जातं. पुढच्या महिन्यात तिचा आकडा 'सुधारतो'. आकडाच छडी झाला की माणूस छडी चुकवायला शिकतो.

सगळ्यात जास्त दडतो तो मृत्यू. बाळ जन्मलं, एकदा श्वास घेतला आणि गेलं. घरचे म्हणतात, "मेलंच जन्माला आलं." नियम असा आहे: आईपासून वेगळं झाल्यावर श्वास, हृदयाचा ठोका, नाळेतली धडधड, हातापायांची हालचाल, यातली एक जरी खूण दिसली तरी तो जिवंत जन्म, आणि त्यानंतर गेलं तर तो बालमृत्यू. हा फरक घरच्यांना दुःखात सांगवत नाही. नोंद केली तर चौकशी लागते, दहा प्रश्न येतात, ताईंनाच जाब विचारला जातो. म्हणून ते बाळ 'मृत जन्म' होतं, किंवा कुठेच लिहिलं जात नाही. नाव ठेवायच्या आधी गेलेलं लेकरू. वहीतली ती एक ओळ हीच त्याच्या असण्याची खूण असते, म्हणून ती गळली की मला फार लागतं.

हे दडलेले मृत्यू हिशेबानं ओळखता येतात. सरकारच्या २०२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा जन्मदर हजार लोकांमागे १५ आणि बालमृत्यूदर हजार जन्मांमागे १६ होता. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली तीस हजार लोक धरा. वर्षाला साधारण साडेचारशे जन्म, आणि सातेक बालमृत्यू. अहवालात सलग तीन वर्षं एक-दोनच मृत्यू दिसले तर दोन शक्यता उरतात. एक तर ते केंद्र खरंच फार चांगलं आहे आणि त्याच्याकडून शिकायला हवं, नाही तर मृत्यू वहीपर्यंत पोचत नाहीत. दोन्ही बाबतीत तिथे जाऊन बघायलाच हवं.

सगळ्या घरांची फेरतपासणी करायची म्हणजे केवढं काम?

सगळ्या घरांची करायचीच नाही. शितावरून भाताची परीक्षा, हे आपल्या बायका रोज करतात. शास्त्रानं त्यात एकच भर घातली: किती शितं बघायची आणि कुठून उचलायची.

या पद्धतीचं मूळ कारखान्यात आहे. मालाचा ढीग तपासताना प्रत्येक नग न बघता थोडे नग उचलून ढीग घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवतात. इंग्रजीत तिला 'लॉट क्वालिटी अ‍ॅश्युरन्स सॅम्पलिंग' म्हणतात. आपण तिला 'एकोणीस घरं' म्हणू. आफ्रिकेत रवांडासारख्या देशात गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांच्या नोंदी तपासायला ती वापरली गेली आहे.

करायचं असं. उपकेंद्राच्या वहीतून १९ नोंदी उचलायच्या. गटप्रवर्तक किंवा सिस्टर त्या १९ घरी जाऊन वहीतली माहिती घरातल्या कार्डाशी ताडून बघतात. ८० टक्के नोंदी बरोबर असाव्यात असं आपलं उद्दिष्ट असेल तर १९ पैकी १३ किंवा जास्त जुळल्या की ते उपकेंद्र पास. १२ किंवा कमी जुळल्या तर तिथे मदत लागणार.

"एकोणीस घरांवरून काय कळतं?" असं वाटणं साहजिक आहे. गणित सांगतं की ८० टक्के नोंदी खरंच बरोबर असलेलं उपकेंद्र या चाचणीत दहापैकी नऊपेक्षा जास्त वेळा पास होतं, आणि निम्म्याच नोंदी बरोबर असलेलं उपकेंद्र तितक्याच वेळा नापास होतं. नेमकी टक्केवारी यातून कळत नाही. सत्तर आहे की पंचाहत्तर, हे सांगता येणार नाही. पण आपल्याला आधी कुठे धावायचं एवढंच हवं असतं, आणि त्याला एकोणीस पुरतात.

अट एकच: घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची. नाही तर तपासणारा एसटी स्टँडजवळची घरं बघून परत फिरतो. गगनबावड्यात किंवा शाहूवाडीत डोंगरावरचा धनगरवाडा दोन तास चालून गाठावा लागतो. चिठ्ठीत तो निघाला तर तिथे जायचंच. बहुतेक चुका तिथेच सापडतात, कारण तिथपर्यंत पोचणंच कठीण असतं.

मोबाइल अ‍ॅप दिलं की प्रश्न मिटला ना?

अ‍ॅपचा फायदा आहे. बाळाचं वजन २५ किलो टाकलं तर अ‍ॅप अडवतं, जन्मतारखेआधीची लसीची तारीख घेत नाही, बेरजा स्वतः करतं. वही असं अडवत नाही.

पण दुपट्यासकट केलेलं वजन अ‍ॅपला कळत नाही. ते २.५ आनंदानं घेतं. रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही म्हणून माहीत नसलं तरी काही तरी भरलं जातं. रिकामा रकाना निदान प्रामाणिक असतो. चंदगड-आजऱ्याच्या वाड्यांत रेंज नसते, मग कागदावर लिहून आणायचं आणि घरी येऊन पुन्हा भरायचं. २०२३ च्या संपात राज्यातल्या आशांनी मोबदल्याबरोबरच ऑनलाइन कामाच्या सक्तीचा प्रश्न लावून धरला होता. अनेकांना तो कामचुकारपणा वाटला. मी ज्या बायकांना भेटले त्यांची तक्रार मोबाइलबद्दल नव्हती. अ‍ॅप आलं तेव्हा वही बंद झाली नाही, ही होती. एक ठेवा, दोन्ही नको, एवढंच त्या म्हणत होत्या, आणि माझ्या मते डेटा सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

कमी शिकलेल्या बायकांना हे जमेल का?

याचं उत्तर गडचिरोलीनं केव्हाच दिलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, आजाराच्या खुणा ओळखणं आणि ते सगळं लिहून ठेवणं शिकवलं. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई ज्या घरभेटी करतात त्यांचं मूळ त्या कामात आहे.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर धोका. तो पूर्ण मिनिटभर मोजायचा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. लहान बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच धावतो. हे एकदा हातात घड्याळ घेऊन, खऱ्या बाळाच्या पोटाकडे बघत शिकवलं की बाई विसरत नाही. सभागृहात पडद्यावर दाखवलं की विसरते.

खरा उपाय दूध संस्थेत आहे

पहाटे गावातल्या दूध संस्थेत जा. म्हशीचं दूध घेऊन बाई येते, नमुना यंत्रात जातो, फॅट किती, लिटर किती, दर किती, सगळं चिठ्ठीवर छापून तिच्या हातात. काल फॅट ७ होती, आज ६.२ कशी, हे ती तिथल्या तिथे विचारते. दहा दिवसांनी बिल येतं, ती चिठ्ठ्या लावून बघते. त्या आकड्यांवर तिची नजर रोज असते, कारण तो आकडा तिच्याकडे परत येतो आणि तिच्या कामाचा असतो.

आशाताईंचा आकडा वर जातो तो जातोच. दहा-बारा वर्षं माहिती भरणाऱ्या किती तरी ताईंनी मला सांगितलं की आमच्या गावाचा तक्ता आम्हाला कोणी कधी दाखवला नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर येऊन थांबतं: ज्या बाईनं आकडा गोळा केला तिच्याकडे तो परत आला पाहिजे, आणि पहिल्यांदा तिच्या उपयोगाला आला पाहिजे.

एका मासिक बैठकीत आम्ही हे करून पाहिलं. मोठ्या कार्डशीटवर प्रत्येक ताईच्या गावच्या बाळांची वजनं टिंबांनी मांडली. कोणालाही बोललो नाही. अडीचवर टिंबांचा मनोरा उभा राहिला. थोडा वेळ सगळ्या गप्प. मग एक ताई म्हणाल्या, "माझा काटाच हलका दाखवतोय काय की." दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून मिठाची एक किलोची सीलबंद पुडी आणून काट्याला लावली. काटा सव्वा किलो दाखवत होता. हलका नव्हे, जड दाखवत होता. किती महिने, कोणास ठाऊक. तो काटा बदलून मिळाला. ती चूक कुठल्याही अधिकाऱ्यानं पकडली नाही, त्या ताईंनी पकडली.

बाकीच्या गोष्टी याच्या मागोमाग येतात. जे विचारून पुढे काहीच करायचं नाही तो रकाना फॉर्ममधून काढून टाकणं. गटप्रवर्तक ताईंना नुसत्या सह्या गोळा करायला न लावता महिन्यातून दोन दिवस आशाताईंसोबत घरोघर फिरू देणं. काटा, थर्मामीटर, घड्याळ यांची सेल वेळेवर मिळणं.

तपासणी म्हणजे अविश्वास नाही का?

उसाची गाडी कारखान्यावर गेली की शेतकऱ्याच्या मनात काटामारीची शंका असतेच. म्हणून वाटेत खासगी काट्यावर एकदा वजन करून घ्यावं असं त्याला वाटतं. दोन्ही वजनं जुळली तर कारखान्याचंच नाव चांगलं होतं. नोंदींच्या फेरतपासणीकडे असं बघायला हवं, आणि ती सगळ्यांचीच व्हायला हवी: आशाताईंची, सिस्टरची, संगणकावर आकडे चढवणाऱ्याचीही. कित्येक चुका वहीत नसतातच, वहीतून संगणकात जाताना होतात, आणि बोलणी मात्र ताईंना बसतात. चूक सापडली तर त्या महिन्याचा मोबदला कापायचा नाही, ही हमी आधी द्यावी लागते. ती नसेल तर तपासणीच्या आदल्या रात्री वह्या नव्यानं लिहिल्या जातात.

आकडा बरोबर आला तर काय होतं?

कोल्हापूरनं ते अनुभवलंय. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षं वयाच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली निघाल्या. सुधारलेला, शिकलेला, शाहू महाराजांचा जिल्हा, आणि हा आकडा. तो समोर आल्यामुळेच सोनोग्राफी केंद्रांवर नजर ठेवण्याची पावलं उचलली गेली, गावोगाव बोलणं सुरू झालं. २०११ मध्ये तो ८६३ झाला. अजूनही कमीच. पण २००१ चा आकडा कोणी लाजेखातर ९३० लिहिला असता तर काहीच हललं नसतं.

तुमच्या दारात ताई आल्या तर

माता-बाल संरक्षण कार्ड कपाटात खाली दाबून ठेवू नका, हाताशी ठेवा. सून माहेरी निघाली तर कार्ड सोबत द्या आणि ताईंना कळवा, फोन करून सांगितलं तरी चालतं. पाळीची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तंबाखू, दारू, शुगर यांबद्दल ताईंनी चार लोकांत विचारलं आणि संकोच वाटला तर त्यांना आत बोलवा, पण खरं सांगा. आणि बाळाचं वजन करताना दुपटं काढायला सांगितलं तर दार लावून घ्या आणि काढा.

भुदरगडच्या त्या घरी आम्ही चौदाव्या दिवशी पुन्हा गेलो. आजीनं न सांगता दार लोटलं आणि दुपटं सोडलं. ताईंनी आधी रिकामी झोळी लावून शून्य बघितलं, मग बाळ ठेवलं. काटा अडीचच्या अगदी अलीकडे थांबला. ताई वाकून रेघा मोजत राहिल्या आणि वहीत लिहिलं, २ किलो ४५०.